आपली आवड

परवा बंगळूरला दादाकडे चार दिवस राहून आले. बंगळूर म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर बागा, गार हवा आणि संगणकवाल्यांच्या काचेच्या इमारती येत असतील. आमच्या दादाच्या वाट्याला यातली गार हवा तेवढी आली आहे. तो राहतो बोम्मसंद्र्याला. होसूर रस्त्यानं शहर मागं टाकत गेलं की ही औद्योगिक वसाहत लागते. आणखी थोडं पुढं गेलं की तमिळनाडूची हद्द. औषधांचे कारखाने, यंत्रांचे सुटे भाग करणारी वर्कशॉपं, हृदयाच्या शस्त्रक्रियांसाठी देशभर नावाजलेलं डॉ. देवी शेट्टींचं रुग्णालय, आणि या सगळ्यांच्या मधे मधे कामगार, सुपरवायझर, नर्स अशा मंडळींची घरं. पूर्वी इथं पोचायचं म्हणजे सिल्क बोर्डच्या चौकात अडकून पडायची तयारी ठेवूनच निघावं लागे. १० ऑगस्ट २०२५ ला मेट्रोच्या पिवळ्या मार्गाचं उद्घाटन झालं. आर. व्ही. रोडपासून बोम्मसंद्र्यापर्यंत १९ किलोमीटर आणि १६ स्थानकं. शेवटच्या स्थानकावर उतरायचं, रिक्षा करायची, की दहा मिनिटांत दादाचं घर.

दादा एका कारखान्याच्या टूलरूममध्ये आहे. गेली दोन वर्षं आमचे आबा, म्हणजे वडील, त्याच्याकडेच असतात. आई २०१५ साली गेली. तिच्यामागं आबा इचलकरंजीच्या घरात एकटेच राहिले. 'मला काय धाड भरलीया?' एवढंच उत्तर देत राहिले. शेवटी एकदा दारात उभा राहून पोस्टमन बराच वेळ कडी वाजवत होता आणि आत आबा निवांत चहा पीत होते, हे शेजाऱ्यांनी फोनवर कळवलं, तेव्हा दादा गाडी घेऊन गेला आणि त्यांना घेऊनच आला.

तर, रविवारची सकाळ. वहिनी पोहे करत होती. मी कोथिंबीर निवडत होते. वहिनीनं फोन ओट्यावरच्या डब्याला टेकवून ठेवला होता आणि त्यातून जुनी मराठी गाणी येत होती. आता हे फोनचं मोठं गमतीचं असतं. आपण एक गाणं लावायचं. पुढची तोच निवडतो. आपल्याला काय आवडेल हे त्याला म्हणे कळतं. तशी दोन-तीन गाणी झाली, आणि मग 'शुक्रतारा' सुरू झालं.

माझे हात थांबले.

तुमचंही असं एखादं गाणं असेल. ते लागलं की आपण जिथं असतो तिथं राहत नाही. मी बोम्मसंद्र्याच्या तिसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरातून उठून थेट इचलकरंजीच्या शेणानं सारवलेल्या सोप्यात जाऊन बसले.

"आत्या, हे गाणं किती हळू आहे!" भाच्याचा आवाज आला. तो दहा वर्षांचा आहे. "दीडपट वेगानं लावू का? लावता येतं."

"नको रे बाबा," मी म्हटलं.

बाहेर गॅलरीत आबा पेपर वाचत बसले होते. त्यांनी मानसुद्धा वर केली नाही. वहिनी हसून म्हणाली, "त्यांना कुठली आलीय गाण्याची आवड!"

हे वाक्य मी जन्मल्यापासून ऐकत आले आहे. आबांना गाण्याची आवड नाही. आबांना सिनेमाची आवड नाही. आबांना चार माणसांत बसायची आवड नाही. आईला मात्र या सगळ्याची होती, आणि त्यात सगळ्यात वरचा नंबर या गाण्याचा.

गाणं साठीच्या दशकाच्या सुरुवातीचं. मंगेश पाडगांवकरांचे शब्द, श्रीनिवास खळे यांची चाल, अरुण दाते आणि सुधा मल्होत्रा यांचे आवाज. आपण या गाण्याला अगदी आपलं, मराठमोळं समजतो. पण ही माणसं कुठकुठली बघा. पाडगांवकर तेवढे वेंगुर्ल्याचे. खळे जन्मले बडोद्यात. सुधा मल्होत्रा जन्मानं दिल्लीच्या, आणि नाव झालं ते हिंदी सिनेमात. अरुण दाते इंदूरचे. लहानपणापासून कान तयार झालेला तो उर्दू गझलेवर. आपले मराठी उच्चार लोकांना रुचतील का, या भीतीनं ते मराठी गाणं म्हणायलाच तयार नव्हते, आणि वडील रामूभैया दाते यांनी दटावल्यावर राजी झाले, ही हकीकत तर प्रसिद्धच आहे. म्हणजे आपल्या घराघरात पोचलेलं हे गाणं निम्म्याहून अधिक बाहेरगावच्या मंडळींनी केलेलं आहे. पुढं याच नावानं अरुण दात्यांनी भावगीतांचा जो कार्यक्रम सुरू केला, त्याचे अडीच हजारांहून जास्त प्रयोग झाले. ६ मे २०१८ ला ते गेले तेव्हा वयाची ८४ वर्षं पुरी झाली होती.

आणखी एक गोष्ट आईला ठाऊक होती, आणि ती सांगताना तिला कोण अभिमान वाटायचा. अरुण दाते शिक्षणानं कापडाचे इंजिनिअर. मुंबईला ते वस्त्रोद्योगाचं शिक्षण घ्यायला आले होते आणि त्याच धंद्यात त्यांनी वर्षानुवर्षं नोकरीही केली. "आपल्यासारखाच मागावरचा मानूस हाय त्यो," असं आई शेजारणींना सांगायची. गिरणीतला इंजिनिअर आणि यंत्रमागावरचा कामगार यांच्यात केवढं अंतर असतं ते तिला काय कळत नव्हतं? पण कापूस तोच, आणि सूतही तेच, असा तिचा हिशेब.

आमचे आबा यंत्रमागावर जॉबर होते. ज्यांना हा शब्द नवा असेल त्यांच्यासाठी सांगते. माग चालवतो तो कामगार. तो बिघडला की दुरुस्त करतो तो जॉबर. इचलकरंजीत पहिला यंत्रमाग १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी आणला. त्यानंतर गावाचं सगळं आयुष्यच त्याच्या तालावर चालू लागलं. पंचगंगेच्या अलीकडं कुठल्याही बोळात शिरा, भिंतीपलीकडून तो खडाखड आवाज यायचाच. धोटा या टोकाकडून त्या टोकाकडं आपटायचा, पुन्हा इकडं यायचा. असे वीस-चोवीस माग एका शेडमध्ये. शाळेतून येताना मी आबांना डबा द्यायला जायची, तेव्हा दारातच कानांवर हात ठेवायची. आत सगळी माणसं ओठ हलवून आणि हातवारे करून बोलायची. इंग्लंडात लँकेशायरच्या कापड गिरण्यांमधल्या बायकासुद्धा अशाच ओठांच्या हालचालींवरून बोलायच्या, हे फार पुढं पत्रकारितेच्या वर्गात असताना कुठंतरी वाचलं. तेव्हा मला आबाच आठवले.

आई दिवसा कांड्या भरायला जायची आणि रात्री भाकऱ्या करायची. चुलीच्या वर, फडताळात, कापडी झालर लावलेला ट्रान्झिस्टर. रात्री आकाशवाणीवर 'आपली आवड' लागायचं. श्रोत्यांनी पत्रं लिहून गाणी मागवायची आणि निवेदकानं गाण्याआधी त्यांची नावं वाचायची. अमक्या गावाहून तमके, त्यांच्या सौभाग्यवती, मुलं, मित्रमंडळ. कधी कधी नावंच एवढी असायची की गाणं लहान वाटायचं. पण मजा नावांतच होती. आपल्या बाजूच्या गावाचं नाव आलं की आई भाकरी थापता थापता म्हणायची, "ऐकलंसा? हुपरीचं हाय." फोनला आपली आवड कळते खरी. पण तो कुणाचं नाव वाचत नाही.

१९९७ च्या पावसाळ्यात आईनं पोस्टकार्ड पाठवलं. मी तेव्हा दहा वर्षांची होते आणि माझं अक्षर चांगलं म्हणून तिनं ते माझ्याकडूनच लिहून घेतलं. गाणं अर्थातच 'शुक्रतारा'. नावं कुणाची घालायची? "पयलं तुज्या आबांचं घाल. मग माजं." मी म्हटलं, "पण आबांना कुठं आवडतं?" ती म्हणाली, "तू घाल तर."

मग रोज रात्री वाट पाहणं. आठवडे गेले. मी विसरूनही गेले. आणि एका रात्री आबांची दिवसपाळी संपलेली, आबा जेवायला बसलेले, चुलीवर भाकरी टम्म फुगलेली, आणि निवेदकानं म्हटलं, 'इचलकरंजीहून', आणि मग आबांचं पूर्ण नाव, 'आणि सौ.' म्हणून आईचं.

मला अजून तिचा चेहरा दिसतो. भाकरी तव्यावर तशीच ठेवून ती आबांकडं बघत होती. तोंडावर हसू, आणि लाजही. लग्नाला पंधरा वर्षं झाली होती त्यांच्या. गाणं सुरू झालं.

आबांनी ताटावरून मान वर केली आणि म्हणाले, "भाकरी करपाय लागलीया."

आईनं भाकरी काढली. गाणं संपेपर्यंत ती चुलीकडं तोंड करून बसली. त्यानंतर आठवडाभर ती आबांशी कामापुरतंच बोलली, आणि पोस्टकार्ड पुन्हा कधी लिहिलं नाही. गाणं मात्र ती ऐकत राहिली. ट्रान्झिस्टरवर, पुढं मी पहिल्या पगारात आणलेल्या कॅसेटवर, आणि शेवटी शेवटी दादाच्या फोनवर. एकटीच.

मला आबांचा फार राग आला होता. खरं सांगायचं तर तो पुरता कधी गेलाच नाही. आपल्या बायकोनं आपलं नाव रेडिओवर आणलं आणि माणसाला भाकरीची काळजी! मोठी झाल्यावर कितीदा तरी मैत्रिणींना मी हा किस्सा सांगितला आहे, 'आमच्या आधीच्या पिढीतले पुरुष' या मथळ्याखाली.

आता बोम्मसंद्र्याला परत येते. मी जायच्या महिनाभर आधी दादानं आबांचे कान तपासून घेतले होते. तो कागद त्यानं मला दाखवला. डावीकडून उजवीकडं जाणाऱ्या दोन रेषा. आधी जरा सपाट, आणि मग घाटातून गाडी उतरावी तशा खाली उतरलेल्या. तपासणाऱ्या बाईंनी त्याला समजावलं होतं ते त्यानं मला सांगितलं, आणि मी तुम्हाला सांगते, कारण आपल्यापैकी कित्येकांच्या घरात असा एक तरी माणूस आहे.

आपल्या कानाच्या आतल्या भागात अगदी बारीक केसांसारख्या पेशी असतात. मोठा आवाज वर्षानुवर्षं ऐकला की त्या मरतात, आणि मेलेल्या पुन्हा येत नाहीत. आपल्याकडच्या कारखान्यांच्या नियमांत दिवसाच्या आठ तासांसाठी ९० डेसिबल ही मर्यादा आहे. यंत्रमागांच्या शेडमधला आवाज त्याच्या वरच जातो, आणि आबांची पाळी बारा तासांची असायची. कानात घालायला बोळे मिळतात हे त्यांनी कधी ऐकलंही नव्हतं. अशा आवाजानं आधी जातात ते उंच पट्टीतले आवाज. म्हणजे माणूस बहिरा झाला असं कुणाला वाटत नाही. त्यालासुद्धा नाही. भांडं पडलेलं त्याला ऐकू येतं, दारावरची थाप ऐकू येते, कुणी तरी बोलतंय हेही कळतं. फक्त काय बोलतंय ते कळत नाही, कारण स, श, फ, त, थ अशी अक्षरं हवेत विरून जातात. मग तो माणूस हसून मान डोलावतो. चार माणसांत बसायचं टाळतो. आणि घरचे म्हणतात, त्याला आवडच नाही.

बाईंचा अंदाज असा होता, की आबांच्या कानांचं हे नुकसान आजचं नाही. तिशी-पस्तिशीतच सुरुवात झाली असणार, आणि पंचेचाळिशी-पन्नाशीपर्यंत बरंचसं होऊन गेलेलं असणार.

मी हिशेब केला. १९९७ साली आबा ४७ वर्षांचे होते.

दादापुढं मी काही बोलले नाही. पण दिवसभर ते मनात घोळत राहिलं. विचारावं की न विचारावं? आई तर गेली. आता विचारून कुणाचं काय भलं होणार? उगाच म्हाताऱ्या माणसाच्या जिवाला घोर.

संध्याकाळी शेजारच्या अज्जी आल्या. अज्जी म्हणजे आजी. त्या म्हैसूरकडच्या. इथं मुलाकडं असतात. त्यांना मराठी येत नाही, मला कानडी येत नाही. पण आबांना येते. इचलकरंजीच्या माणसाला तिकडच्या बाजाराची म्हणून थोडी कानडी येतेच, आणि आबांचं आजोळ चिकोडीकडचं. अर्थात आबांची कानडी निराळी आणि म्हैसूरची निराळी. अज्जींना आबांची भाषा ऐकून हसू येतं, आणि आबांना त्यांची भाषा पुस्तकातल्यासारखी वाटते. पण अज्जींचा आवाज असा खणखणीत आहे, की त्या बोलतात तेव्हा आबांना यंत्र लागत नाही.

अज्जी विचारत होत्या, सकाळी भिंतीपलीकडून गाणं आलं ते कुठलं? भावगीतं का?

मला गंमत वाटली. त्यांच्याकडंही हाच शब्द! कवीची कविता, तिला साधी गोड चाल, आणि शब्द कळतील असं गाणं. कानडीत याला भावगीतंच म्हणतात. आपल्याकडं खळे, यशवंत देव, तसे त्यांच्याकडं म्हैसूर अनंतस्वामी आणि सी. अश्वथ. आपल्याकडं पाडगांवकर, तसे त्यांच्याकडं के. एस. नरसिंहस्वामी. नवराबायकोच्या प्रेमाच्या कविता लिहिणारे. त्यांचा 'मैसूरु मल्लिगे' हा संग्रह १९४२ सालचा. अज्जींनी सांगितलं की त्यांच्या घरी आलेली पहिली कॅसेट म्हणजे 'नित्योत्सव'. के. एस. निसार अहमद यांच्या कविता आणि अनंतस्वामींच्या चाली. १९७८ सालची ही कॅसेट कानडी भावगीतांची पहिली समजली जाते.

मग अज्जी काय म्हणाल्या ते आबांनी मला मराठीत सांगितलं. अज्जींच्या यजमानांना त्यातलं एक गाणं फार आवडायचं. रोज अंघोळ करताना म्हणायचे, आणि अगदी बेसूर. एका ठिकाणी तर रोज तीच चूक. अज्जी ओरडायच्या, आता पुरे. यजमान जाऊन नऊ वर्षं झाली. आता मुलगा त्यांना फोनवर ते गाणं लावून देतो. मूळ गायकाचं, अगदी सुरातलं. "पर ती चूक येत न्हाई म्हणत्यात," आबा म्हणाले. "त्या जाग्यावर आलं की वाईट वाटतंय म्हणत्यात."

अज्जी हसत होत्या. डोळे पुसून पुन्हा हसल्या. मग 'ऊट आय्ता?', जेवण झालं का, असं मला विचारून, उत्तराची वाट न बघता उठून गेल्या.

आबा बराच वेळ गॅलरीच्या गजांकडं बघत होते. खाली पाळी सुटलेले कामगार चालले होते. मग म्हणाले, "तुजी आई बी ऐकायची की. सारखं एकच गानं. कुटलं ते कधी कळलं न्हाई मला."

आता मात्र मला राहवेना. मी खुर्ची त्यांच्यासमोर ओढली, ओठ दिसतील अशी बसले आणि सगळं सांगितलं. पोस्टकार्ड, माझं अक्षर, पहिलं नाव त्यांचं. ती रात्र. भाकरी.

आबा माझ्या तोंडाकडं बघत राहिले. मग त्यांनी विचारलं, "माजं नाव? रेडिओवर?"

"हो, आबा."

"कवा?"

मी पुन्हा सांगितलं.

"ती माज्याकडं बगत होती ते दिसलं मला," आबा म्हणाले. "काय तर बोलली आसंल आसं वाटलं. काय बोलली ते कळंना. मग काय तर बोलायचं म्हणून भाकरीचं बोललो." थोडं थांबून म्हणाले, "आट दिस बोलली न्हाई माज्याशी. का ते मला कळलंच न्हाई. मला वाटलं, पैसं कमी पडत्यात म्हणून चिडली आसंल. म्हणून रातपाळी बी धरली."

ती जादा रातपाळी मला आठवते. आईला वाटलं होतं, आबा घरात नकोच म्हणून रातपाळी घेतात.

"पण आबा, ऐकू येत नव्हतं तर सांगायचं नाही का? आईला तरी?"

"जॉबरला ऐकाय येत न्हाई म्हटल्यावर कोन ठेवंल कामावर?" आबा म्हणाले. "माग बिगडला की आवाजावरनं कळाय लागतंय. मला आवाज कळंना झाला, तवा मी हात लावून बगाय लागलो. मागावर हात ठेवला की कळतंय, कुटं अडतंय ते. कुनालाच कळलं न्हाई शेवटपत्तोर." यात थोडा अभिमानही होता. "तुज्या आईला सांगितलं आसतं, तर ती काळजी करत बसली आसती."

म्हणजे बघा. दोन माणसं एका घरात ३३ वर्षं राहिली. एकाला वाटलं, ह्यांना आवड नाही. दुसऱ्याला वाटलं, हिला पैसा कमी पडतो. आणि दोघांच्या मधे एक गाणं रोज वाजत होतं. कुणाचीच चूक म्हणता येत नाही, आणि म्हणूनच ते जास्त लागतं. आईला हे सांगायला हवं होतं, आणि आता सांगता येणार नाही. मी ज्या किस्स्यावर इतकी वर्षं हशा मिळवला, तो मुळात तसा नव्हताच.

मी गाणं लावलं. आबांनी यंत्र कानात नीट बसवलं. पण त्यांचं तोंड कसनुसं झालं. "पत्रा वाजल्यागत येतंय." दादानं सांगितलं की हे असंच असतं. ही यंत्रं मुख्यतः बोलणं कळावं म्हणून केलेली असतात, संगीत त्यात कर्कश होतं. गाण्यासाठी वेगळी सोय काही यंत्रांत असते. ती तपासणाऱ्या बाईंकडून करून घ्यावी लागते. शिवाय इतक्या वर्षांनी अंगावर आलेल्या आवाजांची मेंदूला सवय व्हायला काही आठवडे जातात.

तेवढ्यात भाचा आतून त्याचा छोटा गोल स्पीकर घेऊन आला. कुणी सांगितलं नव्हतं. त्यानं गाणं त्यावर लावलं आणि स्पीकर आबांच्या मांडीवर ठेवला. आबांनी यंत्र काढून खिशात टाकलं आणि मागावर ठेवायचे तसा उजवा तळहात स्पीकरवर ठेवला. डोळे मिटले. गाणं संपेपर्यंत हात हलला नाही.

"लई सावकास हाय की गं," संपल्यावर ते म्हणाले.

"मी म्हटलंच होतं," भाचा म्हणाला. पण दीडपट वेगाचं त्यानं पुन्हा काढलं नाही.

त्यांना गाणं आवडलं का? मला नाही वाटत. शब्द त्यांच्यापर्यंत पोचलेच नव्हते. मी ते कागदावर लिहून द्यायची तयारी दाखवली तर त्यांनी मान हलवली. त्यांना हवं होतं ते वेगळंच.

"रेडिओवर कसं म्हटलं त्यानं? नाव कसं घेतलं?"

मग मी त्यांच्यासमोर ताठ बसले आणि निवेदकासारखं, अगदी सावकाश, ओठ दिसतील असं म्हटलं. इचलकरंजीहून, मग आबांचं पूर्ण नाव, मग 'आणि सौ.', मग आईचं.

"आनी येकदा म्हन," आबा म्हणाले.

मी पुन्हा म्हटलं.

मुंबईला परत येताना मेट्रोच्या खिडकीतून कारखान्यांची छपरं मागं जाताना बघत होते आणि डोक्यात हेच चाललं होतं. तरुणपणी आम्ही मैत्रिणी आवडीनिवडीवरून किती भांडायचो! हा गायक श्रेष्ठ की तो, जुनं चांगलं की नवं. आवड म्हणजे जणू आपली परीक्षा. आता वाटतं, आपल्या आवडीतलं गाणं थोडंच असतं. बाकी सगळी माणसं असतात. अज्जींना गाणं आठवत नाही, चूक आठवते. मला चाल आठवत नाही, करपलेली भाकरी आठवते. भाच्याला हे गाणं कधी आवडेल असं नाही. पण आजोबांच्या मांडीवरचा स्पीकर त्याला आठवेल.

असो. तुमच्याही घरात कुणाबद्दल तरी 'त्यांना गाण्याची आवड नाही', 'त्यांना बोलायची आवड नाही' असं वर्षानुवर्षं म्हटलं जात असेल. मागावर, छपाईच्या यंत्रावर, घणाच्या आवाजात किंवा बसच्या इंजिनाशेजारी ज्यांचा जन्म गेला, अशांबद्दल तर नक्कीच. तसं असेल तर एवढं करा. त्यांचे कान एकदा तपासून घ्या. आणि तोवर, जे सांगायचं असेल ते त्यांच्यासमोर बसून, ओठ दिसतील असं, सावकाश सांगा. रेडिओवर सोपवू नका.